परसातल्या कोंबड्यांचा आहार: खरकटे किती, दाणे किती आणि केव्हा

धायरी, आंबेगाव, मांजरी, वाघोली, सूस अशा पुण्याच्या कडेच्या भागांत बैठ्या घरांच्या मागे अजून थोडेफार परस शिल्लक आहे आणि तेथे चार-सहा कोंबड्या हौसेने पाळणारी कुटुंबेही आहेत. कोंबड्या आणताना बहुतेकांच्या मनात एकच हिशेब असतो, की घरातले उरलेसुरले त्यांना घालावे आणि घरच्या घरी अंडी मिळवावीत. हा हिशेब अर्धा बरोबर आहे. उरलेल्या अन्नावर आणि भाजीच्या देठांवर कोंबड्या तुटून पडतात, घरातला ओला कचरा कमी होतो आणि त्यांच्या आहारात विविधता येते. परंतु केवळ खरकट्यावर कोंबडी फार दिवस अंडी देऊ शकत नाही, आणि दिलीच तर कवचासाठी लागणारा चुना, म्हणजे कॅल्शियम, ती स्वतःच्या हाडांतून काढते. म्हणून काय द्यावे याच्याइतकाच किती द्यावे आणि दिवसाच्या कोणत्या वेळी द्यावे हा प्रश्न महत्त्वाचा आहे. पुढील सर्व मापे अंडी देणाऱ्या चार कोंबड्या गृहीत धरून दिली आहेत. कोंबड्या गावरान असोत, गिरिराज असोत की ग्रामप्रिया, तत्त्व तेच राहते. गावरान कोंबडी अंगाने लहान असल्यामुळे तिचे माप थोडे कमी धरावे.

पोट कशाने भरते

अंड्यावर असलेली मध्यम वजनाची कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम कोरडे खाद्य खाते. पशुखाद्याच्या दुकानात मिळणाऱ्या लेअर मॅशमध्ये, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठीच्या तयार भरड खाद्यात, १६ ते १८ टक्के प्रथिने आणि साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते, म्हणजे निव्वळ मॅशवर असलेल्या कोंबडीला रोज सुमारे १८ ग्रॅम प्रथिने आणि ४ ग्रॅम कॅल्शियम मिळते. एका अंड्याच्या कवचात जवळपास २ ग्रॅम कॅल्शियम जाते आणि खाल्लेल्या कॅल्शियमपैकी साधारण निम्मेच अंगी लागते, हे ध्यानात घेतले तर हे ४ ग्रॅम अजिबात जास्त नाहीत हे दिसेल.

आता भाताचे उदाहरण घेऊ. कोंबडी मुख्यतः ऊर्जेची गरज भागेपर्यंत खाते आणि ही गरज ढोबळमानाने दिवसाला २९० किलोकॅलरींची असते. सकाळी खुराडे उघडल्याबरोबर तिच्यापुढे आदल्या रात्रीचा भात टाकला आणि तिने त्यातला १०० ग्रॅम खाल्ला, तर १३० किलोकॅलरी तिला तेवढ्यातच मिळतात, पण प्रथिने मिळतात जेमतेम अडीच ग्रॅम. दिवसाची जवळजवळ ४५ टक्के भूक भागल्यामुळे ती उरलेल्या वेळात ११० ऐवजी ६० ग्रॅमच मॅश खाते. दिवसअखेर तिच्या पोटात प्रथिने गेलेली असतात १२ ग्रॅम आणि कॅल्शियम २.३ ग्रॅम. पहिले काही दिवस बाहेरून काहीच जाणवत नाही. मग कवच पातळ होते, एक दिवसाआड येणारे अंडे तीन दिवसांआड येऊ लागते, पोटात चरबी साठते आणि घरातली माणसे म्हणतात की कोंबडी म्हातारी झाली. पोळी, भाकरी, ब्रेड, पोहे आणि साबुदाणा यांची गत हीच आहे. या पदार्थांत कोंबडीला अपाय करणारे काही नाही, त्यांनी पोटातली प्रथिनांची आणि चुन्याची जागा अडते इतकेच.

हिरव्या पाल्याचे मात्र तसे नाही. कोबीच्या बाहेरच्या ३०० ग्रॅम पानांत पाणीच इतके असते की कोरडा भाग पंचवीस ग्रॅमच्या आसपास निघतो, त्यामुळे चार कोंबड्यांनी मिळून तेवढी पाने संपवली तरी मॅशच्या खपावर फारसा परिणाम होत नाही. स्वयंपाकघरातून निघणाऱ्या वस्तूंची विभागणी याच एका कसोटीवर करावी: शिजवलेले पिठूळ पदार्थ मोजून द्यावेत आणि पाला सढळ हाताने द्यावा.

दिवसाचा क्रम

सकाळी खुराडे उघडल्यावर सर्वप्रथम ताजे पाणी आणि मॅश पुढे असावे, आणि मॅश दिवसभर तसेच राहू द्यावे. रात्रभर उपाशी असलेली कोंबडी सकाळी जे समोर दिसेल ते पोटभर खाते, म्हणून त्या वेळी खरकटे दाखवूच नये. दुपारी तीन-चारच्या सुमाराला, सकाळचा स्वयंपाक आणि जेवणे आटोपल्यावर जे जमले असेल ते चिरून पसरट थाळीत द्यावे आणि वीस मिनिटांनी थाळी उचलून घ्यावी. थाळीत काही उरले असेल तर दुसऱ्या दिवशी तेवढे कमी द्यावे. मावळतीच्या तासभर आधी धान्य द्यावे. अख्खे दाणे पेषणीत, म्हणजे पोटाच्या दाणे दळणाऱ्या भागात, हळूहळू दळले जात असल्याने रात्रभर कोंबडीच्या पोटाला आधार राहतो. शिवाय दाण्यांच्या आशेने कोंबड्या स्वतःहून खुराड्याकडे येतात, त्यामुळे अंधार पडायला लागल्यावर त्यांच्यामागे धावावे लागत नाही.

या क्रमाने दिल्यास एका कोंबडीच्या पोटात सुमारे ८० ग्रॅम मॅश, २० ग्रॅम धान्य आणि खरकट्यातला दहा-बारा ग्रॅम कोरडा भाग जातो. प्रथिने १६-१७ ग्रॅमपर्यंत राहतात, ती पुरेशी आहेत. कॅल्शियम मात्र ३ ग्रॅमवर येते आणि ती तूट वेगळी भरून काढावी लागते. त्याविषयी पुढे सविस्तर सांगितले आहे.

चार कोंबड्यांना रोज एक लिटर पाणी लागते आणि उन्हाळ्यात दोन लिटरही पुरत नाही. पाण्याचे भांडे सावलीत आणि विटेवर ठेवावे, म्हणजे उकरलेली माती त्यात पडणार नाही.

खरकटे: काय द्यावे, कसे द्यावे

मेथी, कोथिंबीर, पालक, चाकवत आणि माठ यांचे देठ व पिवळी न पडलेली पाने, कोबीची बाहेरची पाने, फ्लॉवरचा पाला, मुळ्याचा पाला, दुधी-दोडक्याच्या साली, काकडीची टोके, लाल भोपळ्याचा मगज बियांसह, पपईच्या साली व बिया आणि कलिंगडाचा पांढरा भाग या सगळ्या गोष्टी कोंबड्या आवडीने खातात. पालकात ऑक्झॅलेट असते आणि ते कॅल्शियमला बांधून ठेवते, म्हणून पालक रोज देऊ नये. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात मंडईत मटार उतरतो तेव्हा घरोघरी टरफलांचा ढीग पडतो. ही टरफले गोडसर आणि पौष्टिक असतात, पण त्यांच्या आतला पारदर्शक, चिवट पापुद्रा कोंबडीला तुटत नाही, म्हणून ती बारीक चिरूनच द्यावीत.

चिरण्याविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. कोंबडीला दात नाहीत. चोचीने ती फक्त टोचते आणि ओढते. मेथीचा लांब देठ जमिनीवर मोकळा पडला असेल तर तो तिला तोडता येत नाही आणि ती तो तसाच गिळते. असे पाच-सात देठ आणि त्यांच्या जोडीला थोडे वाळलेले गवत गळ्याखालच्या अन्नपिशवीत गेले की त्यांचा गुंता होतो आणि पुढचे अन्न अडते. देठ अर्ध्या इंचाहून लांब ठेवू नयेत. याउलट फ्लॉवरचा पाला न चिरता, देठाकडून सुतळीने बांधून कोंबडीच्या डोळ्यांच्या उंचीवर घट्ट टांगला तर ती त्याला कशी भिडते ते जरूर पाहावे: आधी पानाची कड चिमटीत धरून ती मान मागे झटकते, चोचीएवढा तुकडा तुटतो, मग दोन शिरांमधला कोवळा भाग ती ओळीने टिपत जाते आणि तासाभराने सुतळीला फक्त मधला जाड दांडा उरतो. बांधलेले पान तिला हवे तेवढ्याच तुकड्यांत तोडता येते, आणि कंटाळून एकमेकींची पिसे ओढण्याची सवयही त्यामुळे कमी होते. सुतळीचे टोक लोंबकळत ठेवू नये.

सुतळीवरून आठवले ते येथेच सांगतो. पालेभाजीची जुडी ज्या दोऱ्याने किंवा रबरबँडने बांधलेली असते तो कचऱ्यात देठांबरोबरच जातो, आणि कोंबडीला तो हुबेहूब गांडुळासारखा दिसतो. जुडी सोडतानाच दोरा वेगळ्या डब्यात टाकण्याची सवय घरातल्या सर्वांनी लावून घ्यावी. दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे, स्टेपलरच्या पिना आणि फळांवरचे चिकट कागद यांनाही हाच नियम लागू आहे. ओला कचरा वेगळा ठेवण्याची पद्धत पुण्यात रुळलेली असल्याने काम अर्धे झालेलेच असते. फक्त कोंबड्यांचा डबा ओल्या कचऱ्याच्या डब्याहून वेगळा असावा, कारण जे खतात चालते ते सगळे कोंबडीला चालत नाही.

शिजवलेल्या पदार्थांपैकी चार कोंबड्यांना मिळून दिवसाला एक वाटी भात किंवा दीड पोळी एवढीच मर्यादा पाळावी, दोन्ही एकाच दिवशी देऊ नयेत. शिळी पोळी कडक झाली असेल तर पाण्यात किंवा पातळ, बिनमिठाच्या ताकात भिजवून कुस्करावी. त्यात मूठभर मॅश मिसळले तर ती अधिक सकस होते. बिनमिठाचे शिजवलेले वरण, कुकरच्या तळाशी लागलेली डाळ, उकडलेले अंडे आणि मोड आलेले मूग-मटकी यांतून प्रथिने मिळतात, म्हणून हे पदार्थ उरले तर भाताच्या आधी त्यांना पसंती द्यावी.

काय देऊ नये

मीठ हा सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी ओळखला जाणारा धोका आहे. कोंबडीच्या खाद्यात मिठाचे प्रमाण ०.३ टक्के असते, म्हणजे तिला दिवसाला एक तृतीयांश ग्रॅम मीठ पुरते. आपल्या आमटी-भाजीत साधारण एक टक्का मीठ असते, त्यामुळे दोन मोठे चमचे आमटीतूनच तिची दिवसाची गरज पुन्हा एकदा भागते. लोणच्याचा खार, पापड, फरसाण, चिवडा, खारे शेंगदाणे आणि चटण्या यांना खुराड्यात प्रवेश नसावा. फोडणीचा भात द्यायचाच झाला तर पाण्यातून धुऊन द्यावा. पाणी कमी पडलेल्या दिवशी जास्तीचे मीठ कोंबडीच्या जिवावर बेतू शकते.

चहाचा चोथा आणि चॉकलेट यांतील द्रव्ये पक्ष्यांच्या हृदयाला व मज्जासंस्थेला अपायकारक असतात. कच्चा किंवा अर्धवट शिजलेला राजमा, हिरवट झालेल्या बटाट्याच्या साली आणि त्यांचे कोंब, तसेच हल्ली फळवाल्यांकडे सहज मिळू लागलेल्या ॲव्होकॅडोची साल व कोय हे सगळे विषारी आहे. पुरंदरच्या सीताफळांचा हंगाम आला की घरात बियांची वाटी भरते. या बियांची पूड पूर्वी उवा मारण्यासाठी वापरत असत, यावरून त्यांचा गुण समजावा. कोंबडीची पेषणी कठीण बीही फोडू शकते, म्हणून सीताफळाच्या बिया तिच्यासमोर टाकू नयेत. कांदा थोडासा गेला तर बिघडत नाही, पण रोज भरपूर कांदा खाल्ल्यास रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. लसणाचा वास अंड्यात उतरतो. आंबट वास येणारा किंवा तार सुटलेला भात देऊ नये, आणि बुरशी आलेला ब्रेड नुसता वरवर खरवडून देणेही चुकीचे आहे. कच्चे मांस, मासळी धुतलेले पाणी आणि चिकन साफ करताना निघालेले तुकडे रोगाला आणि घुशींना आमंत्रण देतात.

कोणते धान्य, कोणत्या रूपात

चार कोंबड्यांना संध्याकाळी दोन मुठी धान्य पुरते. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर या तालुक्यांत बाजरी-ज्वारी पिकते आणि पश्चिमेकडील मावळ, मुळशी, भोर या भागांत भात पिकतो, त्यामुळे पुण्यातल्या माणसाला दोन्हीकडचे दाणे सहज मिळतात. मार्केट यार्डाच्या भुसार विभागातून किंवा गावाकडच्या ओळखीतून घ्यावे, पण हातात घेऊन, वास घेऊन आणि दाताखाली फोडून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

माझी पहिली पसंती बाजरीला आहे. तिच्यात ११-१२ टक्के प्रथिने असतात, म्हणजे मक्यातल्या ८-९ टक्क्यांपेक्षा जास्त, आणि दाणा लहान असल्याने गावरान कोंबडीही तो अख्खा खाऊ शकते. मात्र बाजरीत अरगट नावाच्या बुरशीच्या काळपट, लांबट गाठी असू शकतात आणि त्या विषारी असतात. शंका आल्यास दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात बाजरी ओतावी. अरगटाच्या गाठी व पोचट दाणे वर तरंगतात, ते काढून टाकावेत आणि खाली बसलेली बाजरी स्वच्छ पाण्याने तीन वेळा धुऊन उन्हात खडखडीत वाळवावी. वर मिठाविषयी जे सांगितले ते लक्षात घेता हे धुणे नीटच व्हायला हवे.

ज्वारीमध्ये रब्बीची पांढरी मालदांडी उत्तम. खरिपाची ज्वारी काढणीच्या वेळी पावसात सापडली तर काळी पडते आणि तीच स्वस्तात पक्ष्यांसाठी म्हणून विकली जाते. हा काळेपणा बुरशीचा असतो, म्हणून कितीही स्वस्त असली तरी ती घेऊ नये. धान्याला मोड आणून दिल्यास त्यातील जीवनसत्त्वे वाढतात आणि बाजरी, गहू, मका यांना मोड आणायला हरकत नाही. ज्वारीला मात्र आणू नये, कारण ज्वारीच्या कोवळ्या कोंबांत सायनाइड सोडणारे द्रव्य असते. गुरांना कोवळी ज्वारी चारू नये असे शेतकरी सांगतात ते याच कारणाने.

मका ऊर्जेसाठी चांगला आहे आणि त्यातल्या पिवळ्या रंगद्रव्यामुळे बलक पिवळाधमक होतो. अख्खा दाणा लहान कोंबडीला मोठा पडतो, म्हणून त्याचा भरडा करून घ्यावा. बाजरी, ज्वारी किंवा तांदळाची कणी यांवर बलक फिका पडतो, आणि तो तसा पडला म्हणून अंडे निकृष्ट ठरत नाही; तरीही रंग हवा असल्यास शेवग्याचा कोवळा पाला रोज दोन मुठी घालावा. वाळलेल्या शेवग्याच्या पाल्यात सुमारे २५ टक्के प्रथिने असतात. घरच्या झेंडूच्या पाकळ्यांनीही बलकाला रंग येतो, पण दसऱ्याला विकत आणलेल्या तोरणातला झेंडू देऊ नये, कारण त्यावर कोणती फवारणी झाली आहे हे आपल्याला कळत नाही. नाचणीत भरपूर कॅल्शियम असते म्हणून ती कोंबड्यांना घालावी असे अनेकजण सांगतात. नाचणी चांगली आहेच, परंतु १०० ग्रॅम नाचणीत ०.३४ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते आणि कोंबडीला ४ ग्रॅम लागते, म्हणून तिच्यावर कवचाची भिस्त ठेवता येत नाही.

धान्य फरशीवर ढिगाने न टाकता खुराड्यातील भाताच्या तुसात विखरावे. कोंबड्या उकरत राहतात, तूस वरखाली होऊन कोरडे राहते आणि दुबळ्या कोंबडीलाही तिचा वाटा मिळतो. उघड्या अंगणात धान्य पसरले की पारवे उतरतात. महाराष्ट्रात २००६ साली नवापूरला बर्ड फ्लूची साथ आली, ती भारतातील पहिली नोंदलेली साथ होती. रानपक्ष्यांची विष्ठा कोंबड्यांच्या खाद्यात व पाण्यात मिसळू न देणे हा तेव्हापासून सर्वत्र सांगितला जाणारा नियम घरच्या चार कोंबड्यांनाही तितकाच लागू आहे. खाद्यपात्र जाळीच्या आत ठेवावे आणि रात्री रिकामे करून उचलावे, नाहीतर घुशींचा वावर वाढतो.

घरी भरडा करायचा असल्यास

तयार लेअर मॅश हा सोपा आणि खात्रीचा मार्ग आहे. ज्यांना आपल्या कोंबड्यांच्या पोटात नेमके काय जाते हे माहीत असावे असे वाटते त्यांनी घरी मिश्रण करायला हरकत नाही, मात्र त्यात अंदाजपंचे काही चालत नाही. दहा किलो मिश्रणासाठी साडेचार किलो मक्याचा भरडा, दीड किलो बाजरीचा भरडा, दोन किलो सोयाबीनची पेंड, ९०० ग्रॅम गव्हाचा किंवा तांदळाचा कोंडा, ९०० ग्रॅम शिंपल्यांचा चुरा, १५० ग्रॅम डायकॅल्शियम फॉस्फेट म्हणजे दुकानात डीसीपी म्हणून मिळणारी पूड, ३० ग्रॅम मीठ आणि २० ग्रॅम कोंबड्यांसाठीचे खनिज-जीवनसत्त्व मिश्रण घ्यावे. या शेवटच्या वस्तूचे प्रमाण पाकिटावर वेगळे असेल तर पाकिटावरचेच पाळावे. यातून १६ टक्के प्रथिने आणि पावणेचार टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम मिळते. मीठ, डीसीपी आणि जीवनसत्त्वे आधी किलोभर भरड्यात एकजीव करावीत आणि मग ते बाकीच्या ढिगात मिसळावे, म्हणजे एका कोंबडीच्या वाट्याला सगळे मीठ येणार नाही. चार कोंबड्यांना हे मिश्रण महिनाभर पुरते.

सोयाबीनची पेंडच घ्यावी. कच्चे सोयाबीन दळून घातल्यास त्यातील घटक प्रथिनांचे पचन होऊ देत नाहीत. सोयाबीनच्या पेंडीचा काही भाग कमी करून त्याऐवजी अर्धा किलो सुकट वापरता येते आणि तिच्यातील प्रथिने उत्तम असतात, पण सुकट खारवलेली असल्याने त्या वेळी मीठ वगळावे, आणि अर्ध्या किलोपेक्षा जास्त वापरल्यास अंड्याला मासळीचा वास येतो. गुरांसाठी घरात सरकी पेंड असेल तर ती कोंबड्यांना घालू नये. तिच्यातील गॉसिपॉलमुळे साठवलेल्या अंड्यांचा बलक हिरवट पडतो.

शेंगदाणा पेंड प्रथिनांनी समृद्ध आहे, तरीही पुण्याच्या पावसाळ्यात मी ती वापरण्याचा सल्ला देणार नाही. इंग्लंडमध्ये १९६० साली एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले, त्याचा शोध घेताना ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीतील बुरशीचे विष सापडले आणि तेच पुढे अफ्लाटॉक्सिन या नावाने ओळखले गेले. हे विष यकृतावर घाला घालते. बुरशी लागलेली पेंड किंवा मका उन्हात वाळवला तर बुरशीची वाढ थांबते, पण तिने आधीच तयार केलेले विष तसेच राहते, आणि शिजवल्यानेही ते जात नाही. कुबट वास आला की ते खाद्य फेकून देणे हाच मार्ग आहे. जून ते सप्टेंबर या काळात पंधरा दिवसांपुरतेच खाद्य आणावे किंवा दळावे आणि झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, जमिनीपासून वर फळीवर ठेवावे.

चुना आणि खडे

या दोन वेगळ्या गरजा आहेत आणि एकीने दुसरी भागत नाही. शिंपल्यांचा चुरा पोटात विरघळतो आणि कवचाच्या कामी येतो. दगडी खडे विरघळत नाहीत, ते पेषणीत राहून दाणे दळतात. दोन्ही खाद्यात न मिसळता दोन वेगळ्या वाट्यांत कायम ठेवावेत, प्रत्येक कोंबडी आपल्या गरजेप्रमाणे उचलते. खड्यांसाठी बांधकामावरची कच चाळून, धुऊन, तीन ते पाच मिलिमीटरचे खडे निवडले तरी काम भागते. सिमेंट मिसळलेली कच मात्र नको. अख्खे धान्य आणि देठ खाणाऱ्या कोंबडीला खडे हवेतच.

कवच तयार व्हायला सुमारे वीस तास लागतात आणि त्यातला बराच भाग रात्री तयार होतो. त्यामुळे कोंबडीला चुन्याची ओढ दुपार कलल्यावर लागते. धान्य टाकण्याच्या वेळी शिंपल्यांची वाटी भरलेली आहे ना हे पाहावे. घरातल्या अंड्यांची टरफले धुऊन, तव्यावर कोरडी भाजून आणि रव्यासारखी दळून याच वाटीत घालता येतात. भाजल्याने जंतू मरतात, आणि दळल्याने ती अंड्यासारखी दिसत नाहीत. अर्धी टरफले तशीच टाकल्यास कोंबडीला स्वतःची अंडी फोडून खाण्याची सवय लागण्याचा धोका असतो.

अंड्यावर न आलेल्या तलंगांना, म्हणजे तरुण कोंबड्यांना, हा चुना देऊ नये, त्यांच्या मूत्रपिंडांवर ताण येतो. साधारण अठराव्या-विसाव्या आठवड्यात पहिले अंडे दिसले की वाटी पुढे ठेवावी. पिल्लांना पहिले सहा ते आठ आठवडे २० टक्के प्रथिनांचे चिक मॅशच द्यावे, खरकटे नको.

उन्हाळा, खुडूक आणि पिसे झडणे

एप्रिल-मे महिन्यांत पारा ३८-४० अंशांवर गेला की कोंबड्या चोच उघडी ठेवून धापा टाकतात, खाणे कमी करतात आणि धापा टाकल्याने रक्तातील कर्बवायू घटून कवचही पातळ होते. अन्न पचताना शरीरात उष्णता निर्माण होते, म्हणून या दिवसांत मॅश सकाळी सहाला आणि संध्याकाळी साडेपाचनंतर द्यावे, धान्य निम्मे करावे आणि दुपारी फक्त थंड केलेल्या कलिंगडाच्या किंवा काकडीच्या साली द्याव्यात. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी दिवसातून एखाद्या वेळीच उठते. तिच्या जवळच अख्खी बाजरी आणि पाणी ठेवावे, मॅशचा आग्रह धरू नये. पिसे झडण्याच्या काळात अंडी थांबतात, पण नवी पिसे प्रथिनांचीच बनतात, म्हणून अंडी नाहीत असे पाहून मॅश कमी करू नये; त्या काळात उलट भात-पोळी बंद करून वरण किंवा उकडलेले अंडे द्यावे.

आहार बरोबर चालला आहे की नाही हे अंड्यांच्या संख्येवरून उशिरा कळते, हाताने चाचपून लवकर कळते. आठवड्यातून एकदा, कोंबड्या झोपायला गेल्यावर एकेकीला काखेत धरावे आणि छातीच्या वर, तिच्या उजव्या बाजूला असलेल्या अन्नपिशवीवर हलकेच बोटे ठेवावीत: ती भरलेली, पण मऊ आणि आत दाणे जाणवतील अशी असावी. नंतर छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवावे; हाड सुरीसारखे टोचत असेल तर कोंबडीला खाद्य कमी पडते आहे आणि ते मांसात बुडालेले असेल तर खरकटे जास्त होत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी खाद्य देण्यापूर्वी पिशवी पुन्हा पाहावी. ती रिकामी असायला हवी. सकाळीही ती घट्ट लागली, किंवा पाण्याने भरलेली असून चोचीला आंबट वास येत असेल, तर त्या कोंबडीला वेगळे ठेवून फक्त पाणी द्यावे आणि त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे.